दोन प्रकाशझोत आणि वीस मिनिटांचा अंधार

२०१० साली गणपती ११ सप्टेंबरला आले होते. आम्ही तेव्हा जर्सी सिटीत नवीनच, अपार्टमेंट छोटं, मूर्ती वीतभर, आणि आरतीला शेजारच्या दोन मराठी फॅमिली. सगळं आटपून रात्री साडेनऊच्या सुमारास हडसनच्या काठावर पाय मोकळे करायला गेलो. सासूबाईंनी फोनवर बजावलेलं की आज चंद्र बघायचा नाही, पण चतुर्थीचा चंद्र तो, कधीच मावळून गेला होता. समोर मॅनहॅटनवर निळसर पांढरे दोन झोत सरळ आभाळात गेलेले. ट्विन टॉवर्सच्या आठवणीत दरवर्षी लावतात ते. काठावर बरीच माणसं होती, कोणी फोटो काढत होतं, कोणी नुसतंच गप्प उभं होतं.

मला आधी वाटलं की झोतात कागदाचे कपटे उडतायत. चांदीच्या वर्खाचे तुकडे वाऱ्यावर भिरभिरावेत तसे हजारो पांढरे ठिपके, पण ते खाली येत नव्हते आणि लांबही जात नव्हते, तिथल्या तिथे गोल गोल फिरत होते. नवरा म्हणाला किडे असतील, मोठ्या लाइटला येणारच. पण एवढ्या लांबून, नदीपलीकडून, किडा दिसेल कसा? बाजूला एक वयस्कर बाई दुर्बीण घेऊन उभ्या होत्या, त्यांनी काही न बोलता दुर्बीण माझ्या हातात दिली. ते पक्षी होते. पंख फडफडताना स्पष्ट दिसत होते, झोताच्या कडेपर्यंत यायचे आणि अंधाराला आपटल्यासारखे परत आत वळायचे.

थोड्या वेळाने दोन्ही झोत एकदम विझले. लोक कुजबुजायला लागले की काहीतरी बिघाड झाला वाटतं. त्या बाई म्हणाल्या बिघाड नाही, मुद्दाम बंद केलेत, पाखरांना जाऊ देतायत, वीस मिनिटांनी परत लागतील. आणि बरोब्बर लागले. त्या रात्री असं पाच वेळा झालं, झोतांत साधारण दहा हजार पक्षी अडकले होते, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून हा विषय माझ्या मागे लागलाय तो लागलाच, म्हणून हे प्रकरण एकदा नीट, पहिल्यापासून लिहून काढते.

तर हे झोत आहेत काय. ‘ट्रिब्यूट इन लाइट’ असं त्याचं नाव. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याला सहा महिने झाले तेव्हा, ११ मार्च २००२ ला, पहिल्यांदा लावले आणि मग दर ११ सप्टेंबरच्या रात्री लावायची पद्धत पडली. ८८ झेनॉन सर्चलाइट, प्रत्येक ७,००० वॉटचा, ४४-४४ चे दोन चौकोन, प्रत्येक चौकोनाची बाजू ४८ फूट. आपल्या घरातला एलईडी बल्ब ९ वॉटचा असतो, त्यावरून अंदाज करा. हे सगळं एका पार्किंग गॅरेजच्या गच्चीवर मांडतात, संध्याकाळी सुरू करतात आणि पहाटे उजाडताना बंद. झोत वर चार मैलांपर्यंत जातात आणि हवा स्वच्छ असली तर साठ मैलांवरून दिसतात म्हणे.

आता अडचण अशी की तारीख बदलता येत नाही. सप्टेंबरचा मध्य म्हणजे नेमका पक्ष्यांच्या स्थलांतराचा ऐन हंगाम. कॅनडातून, वरच्या राज्यांतून छोटे पक्षी दक्षिणेला निघतात, अटलांटिकच्या किनाऱ्याकिनाऱ्याने, आणि न्यूयॉर्क त्या वाटेवरच येतं. उत्तरेकडून थंड हवेची लाट आली, वारा पाठीमागून मिळाला की एका रात्रीत लाखोंनी निघतात. हे बहुतेक रात्रीच उडतात. रात्री हवा शांत असते, गारवा असतो म्हणून शरीर तापत नाही, शिकारी पक्षी झोपलेले असतात, आणि दिवस खायला मोकळा राहतो. आपल्याकडचे वटवटे असतात ना, तसे इथले वॉर्बलर, शिवाय कस्तुराच्या जातीतले थ्रश, व्हिरिओ, ओरिओल. ब्लॅकपोल वॉर्बलर नावाचा एक आहे, साधारण १२ ग्रॅम वजन, तो निघायच्या आधी खाऊन खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करतो आणि मग अटलांटिक समुद्रावरून दोन-तीन दिवस न थांबता उडतो, अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. मधे उतरायला जागा नाही, खायला दाणा नाही, अंगावर जी चरबी असेल तेवढंच पेट्रोल. अशा जिवाने झोतात तासभर घिरट्या घातल्या तर तो तास कुठून भरून काढायचा?

पक्षी झोतात का अडकतात, याचं उत्तर मला वाटलं होतं तेवढं सोपं नाहीये. पक्षी रात्री दिशा ओळखतात ती बऱ्याच गोष्टी मिळून, मावळतीचा उजेड, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आणि तारे. स्टीफन एमलेन म्हणून कॉर्नेलचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९६० च्या दशकात इंडिगो बंटिंग नावाचे पक्षी चक्क तारांगणात ठेवले आणि दाखवून दिलं की ध्रुवाभोवती आभाळ कसं फिरतं ते बघून हे दिशा शिकतात. आता ज्याची एवढी मदार ताऱ्यांवर, त्याला एकदम ८८ सर्चलाइटच्या आत घाला. आपण भर उजेडातून अंधाऱ्या खोलीत गेलो की काही क्षण काहीच दिसत नाही ना, मला वाटतं तसंच काहीतरी होत असणार, आत सगळं लख्ख आणि बाहेर काळी भिंत, म्हणून कडेपर्यंत येऊन परत वळतात. त्यात ते ओरडतात. रात्री उडताना हे पक्षी एकमेकांना बारीक हाक देत जातात, ‘त्सिप’ अशी, आणि गोंधळले की त्या हाका खूप वाढतात. त्या ऐकून वरून जाणारे आणखी खाली ओढले जात असावेत.

उजेडाला पाखरं मरतात हे काही नवीन नव्हतं. दीपस्तंभांवर आपटून मरतात हे दर्यावर्दी लोकांना कधीपासूनचं ठाऊक. एम्पायर स्टेट बिल्डिंगला आपटून १९४८ च्या सप्टेंबरमध्ये शेकडो पक्षी मेले होते. त्यामुळे झोतांची कल्पना निघाली तेव्हापासूनच न्यूयॉर्कच्या पक्षीमित्रांना धास्ती होती. पण विचार करा, सांगणार कसं? न्यूयॉर्कमध्ये त्या दिवशी २,७५३ माणसं गेली. अनेकांच्या घरच्यांना शेवटचं दर्शनही मिळालं नाही. त्यांच्यासाठी तो झोत म्हणजे वर्षातून एक रात्र आपलं माणूस आभाळात दिसणं. २०२० ला कोविडमुळे झोत लावणार नाही असं जाहीर झालं, तर लोकांनी एवढा आवाज उठवला की काही दिवसांतच निर्णय फिरवावा लागला. अशा गोष्टीला ‘बंद करा, पाखरं मरतायत’ म्हणायला जीभ रेटत नाही, आणि म्हटलं असतं तर पक्षीमित्रांना कायमचं दार बंद झालं असतं.

त्यांनी ते म्हटलंच नाही, आणि मला या प्रकरणात सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. ‘न्यूयॉर्क सिटी ऑड्युबॉन’ ही इथली जुनी पक्षीसंस्था, २०२४ पासून तिचं नाव ‘एनवायसी बर्ड अलायन्स’ झालंय. त्यांनी मागणी केली ती एवढीच की आमची माणसं रात्रभर झोतांजवळ बसू द्या, आम्ही मोजतो. झोत लावणाऱ्यांनी हो म्हटलं. मग ठरलं असं, की झोतात हजाराच्या वर पक्षी फिरताना दिसले किंवा पक्षी धोकादायक इतके खाली यायला लागले, की वीस मिनिटं दिवे बंद. पक्षी पांगले की परत चालू. आयोजक बदलले, २०१२ पासून ९/११ मेमोरियल म्युझियम हे काम बघतं, तरी ही रीत टिकली.

मोजतात कसे, तर माणसं पाळीपाळीने झोतांपाशी थांबून दुर्बिणीने सरळ वर बघत मोजत राहतात. तिथे जे दिसतं ते सगळं सुंदरच असतं असं नाही. किडे आणि पतंग ढिगाने येतात, त्यांच्या मागे वटवाघळं येतात, आणि कधी बहिरी ससाणासुद्धा येतो, कारण त्याला आयतं ताट वाढलेलं असतं, गोंधळलेलं पाखरू आणि वर लख्ख उजेड.

मला सारखी आठवण येते ती आमच्या साताऱ्याच्या घरची. पहिला पाऊस पडला की संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखांचे किडे जमायचे, शेकड्याने, जेवणाच्या ताटात पडायचे. आजी खाली परातीत पाणी ठेवायची, पण तेवढ्याने भागलं नाही की म्हणायची दिवा मालवा गं थोडा वेळ. आम्ही सगळे अंधारात गप्पा मारत बसायचो, ओसरीवरचा कंदील तेवढा मिणमिणत असायचा. दहा-पंधरा मिनिटांनी दिवा लावला की घर मोकळं. आजीला कुणी शिकवलं नव्हतं, तिने बघितलं होतं. न्यूयॉर्कमध्ये जे करतात ते हेच आहे, फक्त आभाळाएवढं मोठं.

पण बघितलं आणि सिद्ध झालं यात फरक असतो, विशेषतः जेव्हा समोरच्याला वर्षातून एकाच रात्री लागणारा दिवा विझवायला सांगायचंय. ते सिद्ध झालं २०१७ मध्ये. बेंजामिन व्हॅन डोरेन, काइल हॉर्टन, अँड्र्यू फार्न्सवर्थ, ऑड्युबॉनच्या सुझन एल्बिन आणि त्यांचे आणखी सहकारी यांनी अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीच्या जर्नलमध्ये अभ्यास छापला. २००८ ते २०१६ या काळातल्या सात वर्षांच्या सात रात्री. त्यांनी वापरलं काय, तर हवामान खात्याचं रडार. लाँग आयलंडवर पावसाचे ढग बघायला जे रडार आहे त्याला उडणारे पक्षीही दिसतात, कारण लहरी पाण्याच्या थेंबावरून परत येतात तशाच पक्ष्याच्या अंगावरूनही येतात. जोडीला झोतांजवळ मायक्रोफोन, रात्रीच्या त्या ‘त्सिप त्सिप’ हाका मोजायला.

आणि इथे त्या वीस मिनिटांनी कमाल केली. एरवी दिव्यांचा परिणाम मोजायचा तर उजेड असलेलं गाव आणि नसलेलं गाव अशी तुलना करावी लागते, मग कोणीही म्हणतं अहो तिथे झाडं वेगळी, वारा वेगळा, जागा वेगळी. इथे जागा तीच, रात्र तीच, हवा तीच, वरून जाणारे थवेही तेच, बदलतंय फक्त बटण. पाखरांना वाचवायला म्हणून केलेली गोष्ट आपोआप प्रयोग होऊन बसली.

निघालेले आकडे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. सात रात्रींत मिळून जवळपास ११ लाख पक्ष्यांवर परिणाम झाला. दिवे लागल्यावर वीस मिनिटांच्या आत अर्ध्या मैलाच्या परिघात १६,००० पर्यंत पक्षी गोळा झालेले. आजूबाजूच्या आभाळाच्या मानाने झोतांजवळची दाटी २० पटीच्याही वर जायची, आणि हे दरवर्षी. परिणाम जाणवत होता तो थेट ४ किलोमीटर उंचीपर्यंत, आणि तोही आभाळ निरभ्र असताना. आधी सगळे म्हणायचे की धुकं असलं, ढग खाली असले तरच पक्षी फसतात, स्वच्छ हवेत काही नाही. ते खोटं ठरलं. पक्ष्यांचा वेग कमी होत होता, ते गोल फिरत होते, जास्त ओरडत होते. आणि दिवे बंद केले की? काही मिनिटांत सगळं पूर्ववत, दाटी मोडली, हाका कमी झाल्या, पक्षी आपल्या वाटेला लागले.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायलाच हवी कारण व्हॉट्सअ‍ॅपवर मला तीनदा चुकीची आलीये. ११ लाख पक्षी मेले असं नाहीये. ११ लाख पक्ष्यांच्या प्रवासावर परिणाम झाला, म्हणजे ते वळले, थांबले, फिरत राहिले. झोतात प्रत्यक्ष मरणारे कमी, कारण झोताला काच नसते, भिंत नसते. धोका आहे तो भोवतीच्या बिल्डिंगांचा, दमून खाली आलेलं पाखरू काचेत दिसणाऱ्या झाडावर किंवा आतल्या उजेडावर झेपावतं आणि आपटतं. आणि दमणूक तर आहेच, ती कुठल्याच आकड्यात येत नाही, तो पक्षी पुढे समुद्रावर पडला तर कोण मोजणार.

हे आपटणं काय असतं ते मी हातात धरून बघितलंय. एका सप्टेंबरमध्ये मी पहाटे बिल्डिंगांच्या कडेने फिरून पडलेले पक्षी गोळा करणाऱ्या स्वयंसेवकांसोबत जायला लागले. साडेसहा वाजले होते, सफाईवाले फुटपाथ धुवायला निघायच्या आधी जावं लागतं, नाहीतर सगळं कचऱ्यात जातं. एका ऑफिस बिल्डिंगच्या पायथ्याशी, फिरत्या दारापासून दोन हातांवर, एक अमेरिकन रेडस्टार्टची मादी बसली होती. नावात रेडस्टार्ट असलं तरी हा आपला थिरथिरा नव्हे, हा वॉर्बलर. राखाडी डोकं, शेपटीच्या बाजूंना हळदीसारखे पिवळे डाग. पंख थोडे पसरलेले, चोच उघडी, डोळे अर्धे मिटलेले. माणसं तिच्या बाजूने कॉफीचे कप घेऊन चालली होती, कोणाचं लक्षही नव्हतं. मी तिला ओंजळीत उचललं तर हातात काही आहे असं वाटेचना. आपलं पूर्वीचं पाच रुपयांचं जाड नाणं होतं ना, तेवढंसुद्धा वजन भरलं नसतं. फक्त छातीची धडधड तळव्याला लागत होती, एवढी जलद की ठोके वेगळे कळतच नव्हते, नुसती थरथर. कागदी पिशवीत ठेवलं, तोंड दुमडून क्लिप लावली, आणि सबवेने मॅनहॅटनमधल्या वाइल्ड बर्ड फंडच्या दवाखान्यात नेलं. ट्रेनमध्ये पिशवी मांडीवर, आतून मधेच नखांचा खरखर आवाज यायचा आणि मला बरं वाटायचं. त्या दिवशी माझ्याकडे आणखी चार पिशव्या होत्या, त्यांतून आवाज येत नव्हता.

१४ सप्टेंबर २०२१ ला तर एका स्वयंसेविकेने वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या नव्या टॉवर्सच्या पायथ्याशी एका सकाळी २२६ मेलेले पक्षी गोळा केले. फुटपाथवर ओळीने मांडलेल्या पाखरांचा तो फोटो जगभर फिरला. ती झोतांची रात्र नव्हती हे लक्षात घ्या, झोत दोन दिवस आधीच, १२ तारखेच्या पहाटे, विझले होते. म्हणजे सगळं खापर त्या दोन झोतांवर फोडून चालणार नाही, ते वर्षातून एकच रात्र असतात, ऑफिसांचे दिवे आणि काचा वर्षभर असतात. न्यूयॉर्क शहरात काचांना आपटून वर्षाला ९०,००० ते २,३०,००० पक्षी मरतात असा ऑड्युबॉनचा अंदाज आहे. झोतांमुळे झालं एवढंच की जे एरवी अंधारात घडतं ते एका रात्री सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं, आणि रडारला मोजता आलं. त्याच व्हॅन डोरेननी पुढे शिकागोच्या एका कन्व्हेन्शन सेंटरच्या खिडक्यांचा अभ्यास केला, २०२१ मध्ये तो आला, त्यातही निघालं तेच, निम्म्या खिडक्या अंधाऱ्या ठेवल्या तरी मरणाऱ्यांची संख्या खूप खाली येते.

मला विचाराल तर हजार हा आकडा जास्त आहे. तो पक्ष्यांना किती सोसतं हे बघून आलेला नाही, दोन्ही बाजूंना पटेल असा काढलेला आकडा आहे. आठशे पक्षी गोल फिरत असतील तर त्यांचीही चरबी जळतेच आहे. पण मी हेही बघितलंय की हजाराचा का होईना आकडा ठरला, लिहून झाला, दोघांनी मानला, म्हणून रात्री दोन वाजता वाद न घालता बटण दाबलं जातं. नियम नसता तर दरवर्षी नव्याने कुणाच्या तरी पाया पडावं लागलं असतं. आणि माझ्या माहितीत तरी कुठल्या कुटुंबाने वीस मिनिटांच्या अंधाराबद्दल तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. त्या पहिल्या रात्री काठावर झोत विझले तेव्हा माणसं उलट जास्त शांत झाली होती, हे मी स्वतः अनुभवलंय.

हे सगळं लिहायला बसण्याचं कारण मात्र पुण्याचं आहे. मागे विसर्जन मिरवणुकीचा व्हिडिओ भावाने पाठवला, त्यात आभाळात फिरणारे बीम लाइट, शार्पी म्हणतात ना त्या, दहा-बारा एकदम. हंगाम तोच, भाद्रपद, आपल्याकडेही उत्तरेतून पक्षी यायला लागलेले असतात आणि त्यातले कितीतरी रात्रीच येतात. ठाण्याला मावशीच्या बाल्कनीत एकदा नवरंग सापडला होता, हिरवी पाठ, पोटाखाली लालभडक, कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. हाही रात्रीचा प्रवासी, आणि मुंबई-ठाण्यात दमून किंवा काचेला आपटून घराघरांत सापडतो. नेरूळला २०२४ मध्ये फ्लेमिंगो मेले तेव्हा तिथल्या पक्षीप्रेमींनी तलावाकडे तोंड केलेल्या एलईडी दिव्यांकडे बोट दाखवलं होतं. पण मिरवणुकीच्या बीमखाली दुर्बीण घेऊन कोणी उभं राहिलंय का? मोजलंय का? माझा सण आहे तो, मी ढोल ऐकून रडते इथे, मिरवणूक बंद करा म्हणणाऱ्यातली मी नाही. मी भावाला एवढंच सांगितलं की मंडळातल्या पोरांपैकी दोघांना यंदा वर बघायला बसव, झोतात पांढरे ठिपके गोल फिरताना दिसले की वीस मिनिटं बीम बंद ठेवून बघा काय होतं. त्याने विचारलं, दुर्बीण कुठली घेऊ. मी म्हटलं आठ बाय बेचाळीसची घे, रात्री त्यातून बरं दिसतं.